माकडघरात कोण ओरडतंय?

"एक शब्दसुद्धा नाही!" मावशीने तिसऱ्यांदा बजावलं. "'अगं' नाही, 'अरे' नाही, 'आई गं' तर मुळीच नाही. आणि शिंक आली तर?"

"गिळायची!" तिघं एका सुरात ओरडली.

"आणि हे असलं ओरडणंही दाराच्या अलीकडे. पलीकडे पाऊल टाकलं की तुम्ही मुकी. भिंगरे, मी तुझ्याशीच बोलतेय!"

"मी कुठे काय बोलले?"

"बोलशील गं बाई, बोलशील! झोपेतही बोलतेस तू."

भिंगरी बारा वर्षांची होती आणि एवढ्या आयुष्यात ती एका जागी पाच मिनिटं बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिची धाकटी बहीण मुंगी साडेआठ वर्षांची, अंगाने एवढीशी, पण एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही. त्यांचा मावसभाऊ पंतोजी तेराचा. चष्मा लावायचा, खिशात वही ठेवायचा आणि मोठी माणसं बोलत असली की त्यांच्यात उभा राहून मान डोलवायचा. सुट्टीतले आठ दिवस तिघं मावशीकडे राहायला आली होती. मावशीचं घर माकडघराच्या आवारातच होतं, कारण माकडं सांभाळणं हेच तिचं काम.

साधीसुधी माकडं नव्हेत बरं का! ही चांदशेपटी. मुठीएवढं तोंड, राखाडी अंग आणि लांबलचक रुपेरी शेपूट. जंगलात उरली होती जेमतेम दीडशे आणि या आवारात तेवीस. इथे त्यांची पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की जंगलात नेऊन सोडायची. पण त्यात एक मेख होती. माणसाची सवय लागलेलं माकड जंगलात टिकत नाही. ते शिकाऱ्यालाही आपला समजतं आणि आपणहून त्याच्यासमोर जाऊन बसतं. म्हणून इथल्या माकडांनी माणसाचा चेहरा पाहायचा नाही आणि माणसाचा आवाज ऐकायचा नाही, असा कडक नियम होता. आत जाणाऱ्याने तपकिरी डगला घालायचा, तोंडावर काळी जाळी ओढायची, मऊ तळव्यांचे कापडी बूट चढवायचे आणि बोलायचं असेल तर गळ्यातल्या पाटीवर खडूने लिहायचं.

चौघांनी डगले चढवले. मुंगीने आरशात पाहिलं आणि ती एक पाऊल मागेच सरली. आरशात चार तपकिरी आकृत्या उभ्या होत्या आणि एकीलाही तोंड नव्हतं. त्यातली मावशी कोणती, हेसुद्धा तिला पटकन कळेना.

दार उघडलं. आवाज नाही. बंद झालं. तरी आवाज नाही. बिजागऱ्यांना रोज तेल पाजलं जायचं.

आतला बोळ लांब होता आणि त्यात दिवे मंद होते. पावलं टाकली तरी पावलं वाजत नव्हती, आणि आपलं आपल्यालाच चालणं ऐकू येईनासं झालं की फार चमत्कारिक वाटतं. बोळाच्या तोंडाशी एक छोटा पिंजरा होता. त्यातलं एकटं माकड जाळीला चिकटून बसलं होतं. चौघांना पाहताच त्याने जाळीतून हात बाहेर काढला आणि बोटं उघडून तसाच धरून ठेवला. ते कुणाकडे बघत नव्हतं, फक्त हात पुढे करून बसलं होतं.

मावशीने पाटीवर लिहिलं, 'हा बाटलीवाला. आईने टाकला होता. मी बाटलीने दूध पाजून वाढवला. आता दुसऱ्या माकडांना घाबरतो. हा जंगलात कधीच जाणार नाही.'

मग तिने पाटी पुसली आणि जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

पाहण्याच्या खोलीत काळी काच होती. इकडून तिकडचं दिसायचं, तिकडून इकडचं नाही. काचेच्या वर एक जाळीदार झरोका होता, म्हणजे माकडांचे आवाज ऐकता यावेत. काचेसमोर मोठी वही उघडी होती. पलीकडच्या मोठ्या पिंजऱ्यात फांद्या, दोर आणि फळ्या होत्या, आणि आठ-नऊ चांदशेपटी उड्या मारत होत्या. मावशीने एका मादीकडे बोट दाखवलं आणि पाटीवर लिहिलं, 'सात नंबर.' जंगलात जायच्या माकडांना नावं देत नसत, नंबर असत. सातच्या पोटाला अंगठ्याएवढ्या डोक्याचं एक पिल्लू लटकलं होतं. अकरा दिवसांचं!

भिंगरीने दोन्ही हात तोंडावर दाबले. नाहीतर 'अय्या!' निसटलंच असतं.

आणि तेवढ्यात पिंजऱ्यातलं सगळं थांबलं.

एक माकड दोराला लटकलेलं होतं, ते तसंच लटकून राहिलं. एकाने फळ तोंडाशी नेलं होतं, ते तिथेच राहिलं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या, मागच्या भिंतीकडे. भिंत कोरीच होती. तिच्यावर काही नव्हतं, पालसुद्धा नव्हती! तरी सगळी माकडं तिच्याकडे टक लावून पाहत होती, जणू कुणीतरी तिथे येऊन उभं राहिलंय.

मग सात नंबर हलली. तिने पोटावरचं पिल्लू ओढून काढलं, गार फळीवर ठेवलं, ती वर कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिने दोन्ही हातांनी आपलं डोकं गच्च धरलं. खाली पिल्लू हात-पाय झाडत होतं.

मावशीने घड्याळ पाहून वहीत लिहिलं, '९.१०. सातने पिल्लू खाली ठेवलं. डोकं धरून बसली.' त्याच्या वरही तसंच लिहिलेलं होतं. आणि त्याच्याही वर.

भिंगरीने मुंगीकडे पाहिलं. मुंगीनेही दोन्ही हात डोक्याला लावले होते. जाळीआड तिचे डोळे पाण्याने भरले होते. तिने एक हात कसाबसा सोडला आणि पाटीवर वाकडंतिकडं लिहिलं:

'कोण ओरडतंय?'

मावशीने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. कुणी नाही. भिंगरीने श्वास रोखला. खरंच की! आवाज म्हणावा तर आवाज नाही, पण कानाच्या अगदी आत कुणीतरी बारीक सुई फिरवावी तसं काहीतरी होतं. दूर कुठेतरी कुणी सारखं किंचाळतंय, आणि श्वास घ्यायलाही थांबत नाहीये, असं. तिने पंतोजीच्या नाकासमोर पाटी धरली. 'तुला?'

पंतोजीने मावशीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'छे. काहीही नाही.'

* * *

"आवाज? माझ्या इमारतीत?"

माकडघराचे व्यवस्थापक खुर्चीतून अर्धे उठले. मुलांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी 'चूपसाहेब' ठेवलं होतं, कारण त्यांचं एक बोट कायम ओठांवर असायचं. घरी जेवतानाही असतं, असं भिंगरीचं म्हणणं.

"अहो, इथे टाचणी पडली तर मला कळतं! खिडक्यांना रबर लावलंय, खुर्च्यांच्या पायांना कापड बांधलंय. बारा वर्षं झिजतोय मी या शांततेसाठी. आणि ही एवढीशी पोर म्हणते आवाज येतो!"

"पण साहेबकाका, खरंच येतो," मुंगी म्हणाली. "माकडांनाही येतो."

"लहान मुलांचे कान वाजतात. गरम पाण्याची वाफ घ्या." चूपसाहेब डॉक्टरबाईंकडे वळले. "तुम्ही बोला. सातचं काय?"

डॉक्टरबाई माकडांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पिल्लाचं वजन वाढत नाही. दिवसातून कितीदा तरी आई त्याला टाकते. ते गार पडतं, पोटभर पीत नाही. मला वाटतं आईच आजारी आहे, नाहीतर तिला पिल्लू नकोसं झालंय. उद्या चार वाजेपर्यंत वाट बघू. तोपर्यंत तिने धरून ठेवलं नाही, तर काढून घ्यावं लागेल. पेटीत ठेवू, बाटली देऊ."

मावशी एकदम म्हणाली, "बाई, अजून दोन दिवस थांबू या ना! बाटलीने वाढवलेल्याचं काय होतं, ते रोज बघतेच आहे मी."

"मीही बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण दोन दिवसांनी ते जिवंत नसेल. बाटलीवर निदान जगेल तरी."

पंतोजीने सवयीने मान डोलवली, पण त्याचा चेहरा उतरला होता.

* * *

"भूत आहे," दुपारी अंगणात बसल्यावर भिंगरीने जाहीर केलं. "त्या भिंतीत आहे."

"भूतबीत काही नसतं," पंतोजी म्हणाला. त्याने मावशीच्या परवानगीने मोठ्या वहीतून गेल्या पंधरा दिवसांच्या वेळा उतरून आणल्या होत्या. "हे बघा. सातने पिल्लू खाली ठेवलं. सात दहा, आठ दहा, नऊ दहा, दहा दहा... दर तासाला, दहा मिनिटांनी! आणि वीस मिनिटं झाली की माकडं पुन्हा हलतात."

"म्हणजे भुताच्या मनगटावर घड्याळ आहे?"

"आणि सुरुवात नऊ दिवसांपूर्वीची. त्याआधी एकदाही नाही. पहिले दोन दिवस सातने पिल्लाला क्षणभरही सोडलं नव्हतं."

"मग ती आजारी नाही!" भिंगरी ताडकन उठली. "आजार घड्याळ बघून येतो का? आणि ऐक, ती डोकं धरून बसते असं सगळे लिहितात ना? ती डोकं नाही धरत. मुंगीकडे बघितलंस का तू तेव्हा? अगदी तस्संच! ती कान झाकते! आणि कान झाकायला दोन्ही हात लागतात, मग पिल्लू कशाने धरणार?"

मुंगी म्हणाली, "मलाही दोनच हात आहेत. नशीब, मला पिल्लू नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातून माकडघर दिसत नव्हतं. आठला पाच कमी असताना तिघं इमारतीच्या मागच्या बाजूला पोचली. मुंगी पुढे, तिच्या डगल्याचं टोक धरून भिंगरी आणि सर्वांत मागे पंतोजी.

आठ दहा.

"आला," मुंगी कुजबुजली.

तिचे हात कानांकडे गेले, पण तिने ते मुठी आवळून खाली ओढले. कान झाकले तर वाट कोण दाखवणार? ती धुक्यात एक-एक पाऊल टाकू लागली. थोडं डावीकडे. नाही, मागे. परत पुढे. भिंत हाताला लागत होती, ओली आणि गार. मुंगीचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी ती थांबली नाही. भिंगरीलाही आता तो चांगलाच ऐकू येत होता. आजूबाजूला एकही पाखरू बोलत नव्हतं. सगळीकडे पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून ती न संपणारी बारीक किंकाळी.

"इथे," मुंगी म्हणाली. भिंतीत डोक्याच्या वर एक छोटा झरोका होता. "इथे आत कुणीतरी आहे."

तेवढ्यात मागून पंतोजीचा घोगरा आवाज आला. "मलाही येतोय."

"काय?"

"आवाज. कालही येत होता." त्याने चष्मा पुसायला काढला, म्हणजे कुणाकडे बघायला नको. "मावशीला येत नव्हता, साहेबांना येत नव्हता. मला वाटलं, आपल्यालाही येत नाही म्हणावं. लहान मुलांचे कान वाजतात म्हणाले ना ते."

भिंगरीच्या ओठांवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं. पण पंतोजी खरंच रडवेला झाला होता, म्हणून तिने ते गिळलं. "बरं झालं, आत्ता तरी बोललास," ती म्हणाली. "झरोक्यापलीकडे काय आहे?"

"माकडांची कोठी. धान्य, सुकी फळं. आणि कोठीच्या पलीकडची भिंत म्हणजे..."

"ती कोरी भिंत!"

आत जायला मावशीची परवानगी हवी होती. पण मावशी तेव्हा काचेसमोर बसली होती आणि चार वाजायला आठ तासही उरले नव्हते. तिघांनी तोंडावर जाळ्या ओढल्या आणि मागच्या दाराने आत पाऊल टाकलं. हा बोळ पुढच्यापेक्षा अरुंद होता. टोकाला कोठीचं दार. दारापलीकडून किंकाळी येत होती, इतकी जवळून की मुंगी भिंतीला टेकूनच बसली. पंतोजीने कडीला हात घातला. कुलूप! भिंगरीने फटीला डोळा लावला. आत मिट्ट काळोख होता आणि त्या काळोखात जमिनीलगत एक हिरवा डोळा लुकलुकत होता.

तिने मागे सरकायला पाऊल उचललं आणि ते कुणाच्या तरी पायावर पडलं.

मागे एक आकृती उभी होती. उंच, तपकिरी, बिनचेहऱ्याची. ती केव्हा आली, किती वेळ उभी होती, कुणालाच कळलं नव्हतं. आकृतीने हात उचलला आणि भिंगरीच्या खांद्यावर ठेवला.

भिंगरी ओरडली नाही. कशी ओरडली नाही, हे तिचं तिलाही आयुष्यभर कळणार नाही! किंकाळी अगदी दातांपर्यंत आली होती. पण भिंतीपलीकडे सात होती, तिचं पिल्लू होतं, आणि भिंगरीने ती किंकाळी शिंकेसारखी गिळली.

आकृतीने बाहेर बोट दाखवलं. चौघं बाहेर धुक्यात आली. आकृतीने जाळी वर केली आणि आतून पांढऱ्या मिशा निघाल्या.

"काय रे पोरांनो, केवढं दचकवलंत मला!" कोठी सांभाळणारे काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "आणि पाय केवढ्या जोरात तुडवलास गं!"

"तुम्हाला आम्ही दचकवलं?" भिंगरी आता जी बोलायला लागली ती थांबेचना. "काका, आत कोण आहे? कुणाचा डोळा आहे? हिरवा! जमिनीजवळ!"

"डोळा?" काका हसले. "अगं तो उंदरांचा डबा! नऊ-दहा दिवस झाले, साहेबांनी आणलाय. आधी सापळे होते, पण सापळा पडला की फाट्‌कन वाजायचा. साहेबांना ते खपेना. औषध घालावं तर माकडांच्या जिवाला धोका. मग त्यांनी हा डबा मागवला. दर तासाला वीस मिनिटं चालू होतो आपोआप. उंदीर पळून जातात आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका," पंतोजीने अगदी हळू विचारलं, "आवाज नाही, तर उंदीर कशाला घाबरून पळतात?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "हे काही आपण विचारलं नव्हतं बुवा," ते म्हणाले.

* * *

"अशक्य!" चूपसाहेब म्हणाले. ते अकराला कामावर आले, तेव्हा कुठे काकांनी डबा आणून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, पांढरा. "यावर स्पष्ट लिहिलंय, 'आवाजरहित'. मी स्वतः कानाला लावून पाहिलाय!"

"साहेबकाका, मग परीक्षा घ्या," भिंगरी म्हणाली. "मुंगी भिंतीकडे तोंड करून उभी राहील. तुम्ही डबा चालू करा, बंद करा, वाट्टेल तेव्हा. ती हात वर करून सांगेल."

"मला पोरखेळाला वेळ नाही."

"मला आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या मावशीबरोबर दारात उभ्या होत्या. "पाच तास आहेत माझ्याकडे. हातमोजे घालून नुसतं बसण्यापेक्षा हे बरं."

मुंगीला कोपऱ्यात उभं केलं. मावशीने तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. चूपसाहेबांनी टेबलावर आडवी फाईल धरली, म्हणजे कुणालाच बटण दिसू नये. पंतोजी घड्याळ घेऊन लिहायला बसला.

बटण वाजलं. मुंगीचा हात वर. वाजलं, हात खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पाचव्या वेळी चूपसाहेबांनी डोळे बारीक केले, डब्याची वायर भिंतीतून हळूच उपटली आणि मग बटण खट्‌कन दाबलं.

हात वर गेला नाही.

"नुसतंच बटण दाबलंत ना?" मुंगी भिंतीशीच बोलली. "लबाडी!"

कोठीवाले काका खो खो हसले आणि साहेबांकडे बघून खोकल्यावर नेलं त्यांनी ते. चूपसाहेबांनी मग घाईघाईने, हळूहळू, लागोपाठ, मध्ये लांब थांबून, सगळे प्रकार करून पाहिले. वीस वेळा. वीसच्या वीस बरोबर! शेवटी तर ते बटणाला हात लावायलाच घाबरू लागले.

डॉक्टरबाईंनी डबा उचलून स्वतःच्या कानाला लावला. मग खाली ठेवला.

"मला काहीही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "पन्नाशी आली. वय वाढतं तसे बारीक आवाज आधी जातात, हे मी पुस्तकात शिकले, परीक्षेत लिहिलं आणि विसरले. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले. आपल्यापैकी कुणालाच येत नाही. आणि माकडांचे कान तर या पोरींपेक्षाही तीक्ष्ण."

चूपसाहेब खुर्चीत बसले. त्यांचं ओठांवरचं बोट खाली आलं होतं. बारा वर्षं जो माणूस टाचणीच्या आवाजासाठी लोकांवर डोळे वटारत होता, त्याने स्वतःच्या हाताने माकडांच्या भिंतीशी किंकाळी लावून ठेवली होती. तीही सापळा वाजतो म्हणून!

"नऊ दिवस," ते म्हणाले. "दिवसरात्र, दर तासाला."

त्यांनी डब्याची वायर गुंडाळली आणि डबा खिडकीबाहेर फेकणार होते, पण आपटून आवाज होईल म्हणून थांबले.

* * *

डबा बंद झाला, पण सातला कुठे ते माहीत होतं?

बारा दहा झाले. माकडं मागच्या भिंतीकडे वळून बसली आणि वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. सातने पिल्लू खाली ठेवलं होतं आणि कान झाकून ती वरच होती. एक दहा. पुन्हा तेच. काचेअलीकडे सहा तपकिरी आकृत्या बसल्या होत्या. झरोक्यातून पिल्लाचं रडणं येत होतं आणि ते हळूहळू बारीक होत चाललं होतं.

दोन दहाला एका तरुण नराने भिंतीकडे पाठ केली. तीन दहाला दोन माकडं दोरावर झोंबू लागली. सात मात्र तशीच.

साडेतीनला पिल्लू रडायचं थांबलं.

मुंगीने मावशीचा हात घट्ट धरला. डॉक्टरबाईंनी पाटीवर लिहिलं, 'आता थांबता येणार नाही,' आणि हातमोजे चढवले. चूपसाहेबांनी त्यांचा हात धरला. ते सारखी मान हलवत होते. डॉक्टरबाईंनी त्यांच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग स्वतःची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. बस्स.

आतलं एक माकड सातचं शेपूट ओढून पळालं. सातने एक हात कानावरून काढला. थांबली. दुसरा काढला. तिने मान वाकडी करून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग ती एक फांदी खाली आली. परत वर गेली! भिंगरीने डोळेच मिटले. उघडले तेव्हा सात फळीवर होती. तिने पिल्लाला हुंगलं, उलटं केलं, सुलटं केलं. पिल्लाचा एक हात हलला आणि तिच्या केसांत अडकला.

सातने त्याला उचलून पोटाशी लावलं.

पिल्लू आधी नुसतं लटकत होतं. मग त्याचं डोकं इकडेतिकडे धडपडलं, नेमक्या जागी पोचलं आणि चिकटलं. चार दहा झाले. सातने मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिने कान झाकले नाहीत. दोन्ही हातांनी पिल्लाला धरून ती बसून राहिली.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले आणि खिशात कोंबले. मावशी जाळीआड हमसून हमसून रडत होती, पण तिचा एक हुंदकाही बाहेर आला नाही. अशी सवय होती तिला!

* * *

तीन दिवसांनी पिल्लाचं वजन वाढलेलं दिसलं आणि डॉक्टरबाईंनी मुलांना चहाला बोलावलं. "मोठ्या वहीत मी तुम्हा तिघांबद्दल लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आमचं निदान चुकलं होतं, आणि ते मुलांनी दुरुस्त केलं, असं. पुढे इथे शिकायला येणारे सगळे ते वाचतील." पंतोजीचे कान लाल झाले. मावशीने तिघांना जवळ ओढलं आणि म्हणाली, "परवानगीशिवाय मागच्या दाराने गेलात, त्याबद्दल नंतर बघते तुमच्याकडे. आत्ता शाबास म्हणते!"

चूपसाहेब मात्र चहा पीत नव्हते. ते मुंगीसमोर चक्क गुडघ्यावर बसले.

"माझं एक काम करशील? मला ऐकू येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. आता माहीत झालंय तर झोप लागत नाही. प्रत्येक खोलीत चल माझ्याबरोबर. कुठे काही ओरडत असेल तर सांग."

मग मोठी मिरवणूकच निघाली. पुढे मुंगी, तिच्यामागे साहेब, मागे बाकीचे सगळे. पिंजऱ्यांच्या खोल्या, दवाखाना, धुण्याची जागा. मुंगी प्रत्येक ठिकाणी उभी राही, डोळे मिटे आणि मान हलवी. नाही. इथेही नाही. साहेबांच्या कपाळावरची एकेक आठी उतरत गेली.

शेवटी साहेबांची खोली आली. बाहेर सांजावत आलं होतं. टेबलावर त्यांचा कामाचा दिवा जळत होता. मुंगी दारातच थांबली आणि तिने नाक मुरडलं.

"हा ओरडतोय," ती म्हणाली. "थोडासाच. पण ओरडतोय."

डॉक्टरबाईंनी कान टवकारले. त्यांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. कोठीवाले काकाही ऐकत उभे राहिले. चूपसाहेबांनी कान दिला नाही, काही विचारलंही नाही. ते सरळ टेबलाशी गेले आणि त्यांनी दिव्याची वायर उपटून टाकली.